शहरालगतच्या वाढत्या गावांनी पिण्याच्या पाण्याचे नियोजन कसे करावे

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. हद्द एका अधिसूचनेने पुढे सरकते. जलवाहिनी, टाकी आणि धरणातील पाण्याचा हक्क मात्र त्या अधिसूचनेबरोबर येत नाहीत. या गावांतील अनेक ठिकाणी इमारती आधी उभ्या राहिल्या, मग टँकर आले आणि पाण्याचा आराखडा सर्वांत शेवटी आला. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर अशा वाढत्या शहरांच्या कडेवरील गावांनाही आज ना उद्या याच वाटेने जावे लागणार आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतील मंडळी आणि गृहसंकुलांच्या समित्या यांनी हद्द येण्याची वाट न पाहता काय करावे, ते येथे क्रमाने मांडले आहे. दोन गोष्टींवर माझा विशेष आग्रह आहे आणि त्या पुढे वारंवार येतील. एक, मोजमाप केल्याशिवाय नवी वाहिनी टाकू नये. दोन, दूरचे पाणी येणार म्हणून जवळचा स्रोत सोडून देऊ नये.

आधी माणसे मोजावीत

आराखडा तयार करताना बहुतेक ठिकाणी जनगणनेचा आकडा घेतला जातो आणि त्यावर ठरावीक टक्के वाढ धरली जाते. दुर्गम गावात हे चालून जाते. शहरालगतच्या गावात मात्र २०११ च्या जनगणनेचा आकडा आज जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तेव्हा जेथे ज्वारीचे शिवार होते तेथे आता बारा मजली इमारती आहेत. म्हणून मोजणी आपणच करावी. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा (घरांच्या कर आकारणीचा) उतारा, महावितरणच्या घरगुती वीजजोडण्यांची संख्या, शाळेचा पट आणि नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेल्या बांधकामांतील सदनिकांची संख्या हे चार आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, तर खऱ्या लोकसंख्येच्या पुष्कळ जवळ जाता येते. यांतील वीजजोडण्यांचा आकडा मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो. भाडेकरूचे नाव शिधापत्रिकेवर नसते, पण तो विजेशिवाय राहत नाही. मंजूर झालेल्या, परंतु अजून ताबा न दिलेल्या सदनिका स्वतंत्र लिहून ठेवाव्यात, कारण पुढील तीन-चार वर्षांची वाढ त्याच सांगतात.

यानंतर मागणी काढावी, आणि येथे एक मोठी चूक टाळावी लागते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरलेले आहे. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी नियोजनात १३५ लिटर धरण्याची पद्धत आहे. शहरालगतचे गाव कागदावर ग्रामीण असते, पण त्यातील गृहसंकुलांचा पाणीवापर शहरी असतो. सगळ्या गावाला ५५ लिटर लावले तर योजना पहिल्याच उन्हाळ्यात अपुरी पडते आणि सगळ्यांना १३५ लावले तर तिचा खर्च मंजूर होत नाही. म्हणून गावठाण आणि वाड्यावस्त्या वेगळ्या धराव्यात, संकुले वेगळी धरावीत.

एक उदाहरण करून पाहू. समजा गावठाणात आणि वस्त्यांवर मिळून ९,००० लोक राहतात आणि संकुलांत ६,००० लोक राहतात. पहिल्या गटाला ५५ लिटरप्रमाणे दिवसाला ४ लाख ९५ हजार लिटर लागतील आणि दुसऱ्या गटाला १३५ लिटरप्रमाणे ८ लाख १० हजार लिटर लागतील. एकूण मागणी १३ लाख ५ हजार लिटर झाली. वाहिन्यांतून १५ टक्के पाणी वाया जाते असे धरले, तर टाकीत रोज सुमारे १५ लाख ३५ हजार लिटर पाणी यायला हवे. या हिशेबातून आणखी एक गोष्ट उघड होते. ४० टक्के लोकसंख्येला ६२ टक्के पाणी लागते आहे, आणि पुढे पाणीपट्टी ठरवताना, तसेच पाण्याच्या पुनर्वापराची सक्ती कोणावर करायची हे ठरवताना ग्रामसभेपुढे हाच आकडा ठेवावा लागेल. शाळा, दवाखाना, बाजार आणि गोठे यांची गरज यात अजून मिळवलेली नाही. एका मोठ्या जनावराला दिवसाला ३० ते ५० लिटर लागतात, हे शेतकरी कुटुंबांच्या मागणीत धरायला विसरू नये.

मुदतीबाबत इतके पुरेसे आहे की स्रोत आणि मुख्य वाहिन्या ३० वर्षांचा विचार करून आखतात आणि पंप साधारण १५ वर्षांचा. जमीन आणि वाहिनीचा मार्ग यांची तजवीज पहिल्याच दिवशी ३० वर्षांसाठी करून ठेवावी. पंप नंतर बदलता येतो, परंतु रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने उभी राहिल्यावर वाहिनीसाठी जागा मिळत नाही.

आपल्या स्रोताची परीक्षा मे महिन्यात घ्यावी

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक वाळूसारखा सर्वत्र पाणी धरत नाही. वरचा झिजलेला थर, मुरूम आणि खडकातील भेगा यांतच पाणी साठते, आणि खाली घट्ट पाषाण लागला की कितीही खोल बोअर घेतले तरी हाती धूळ येते. एका गल्लीतील बोअरला पाणी लागते आणि शेजारच्या गल्लीतील कोरडे जाते, याचे कारण हेच आहे. त्यामुळे 'आमच्या गावात भरपूर पाणी आहे' हे वाक्य आराखड्यात आधार म्हणून घेऊ नये. कोणत्या महिन्यात, कोणत्या विहिरीत, किती, या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत असली पाहिजेत.

सार्वजनिक विहिरीची परीक्षा गावातच घेता येते. पंप सुरू करण्यापूर्वी स्थिर पातळी मोजावी, पाणी पुरेसे खाली जाईपर्यंत उपसा करावा, पंप बंद करावा आणि मग पाणी किती वेळात किती चढते ते दर अर्ध्या तासाने लिहून काढावे. विहिरीचा व्यास सहा मीटर असेल, तर पाण्याची पातळी एक मीटर वाढणे म्हणजे सुमारे २८,००० लिटर पाणी आत येणे होय. दहा तासांत दोन मीटर पाणी चढले, तर पाझर ताशी साधारण ५,६५० लिटर, म्हणजे दिवसाला १ लाख ३५ हजार लिटरच्या आसपास आहे. ५५ लिटरच्या हिशेबाने हे पाणी सुमारे अडीच हजार माणसांना पुरते. हीच परीक्षा ऑक्टोबरमध्ये घेतली तर उत्तर कितीतरी मोठे येईल आणि ते फसवे असेल. आराखड्यात फक्त मे महिन्याचे उत्तर धरावे.

पातळीची नोंद वर्षातून किमान चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत ठेवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे आपल्या नोंदी तिच्या नोंदींशी ताडता येतात. या यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आपल्या पाणलोटाची माहिती मिळते. ती मागून घ्यावी. सार्वजनिक पाणवठ्याजवळ कोणी खासगी बोअर घेत असेल, तर तेथेही कायद्याचा आधार आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्याने बंधन आणले होते आणि २००९ च्या अधिनियमातही अशा स्रोतांना संरक्षण आहे. मात्र त्यासाठी आपला स्रोत शासनदरबारी सार्वजनिक पेयजल स्रोत म्हणून नोंदलेला असावा लागतो. ती नोंद नसेल तर या आठवड्यातच करून घ्यावी, असे मी कळकळीने सांगेन.

धरणातून पाणी घ्यायचे असेल, तर जलसंपदा विभागाकडून पिण्यासाठी आरक्षण मंजूर करून घ्यावे लागते आणि त्या पाण्याचे घाऊक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. पिण्याच्या पाण्याला राज्याच्या धोरणात पहिला क्रम आहे, पण क्रम पहिला असला तरी धरणात पाणी असावे लागते. मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सिंचनासाठी ७५ टक्के विश्वासार्हता पुरेशी मानतात. पिण्याच्या पाण्यासाठी ९५ टक्के धरतात, म्हणजे शंभरांपैकी पंच्याण्णव वर्षे जे पाणी निश्चित मिळेल तेवढेच मोजायचे. आरक्षणाचा प्रस्ताव करताना धरणाची एकूण क्षमता लिहून समाधान मानू नये. तुटीच्या वर्षी मे महिन्यात मृतसाठ्याच्या वर किती पाणी होते आणि आपल्या उद्भव विहिरीत (जेथून पाणी उचलतो त्या विहिरीत) पाणी शिरण्याचे तोंड त्या पातळीच्या खाली आहे की वर, हे पाहावे. तोंड वर असेल, तर धरणात पाणी दिसत असूनही गावाला मिळणार नाही.

अनेक गावांची एक योजना कशी चालते आणि कोठे अडते

प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेत नदीवर किंवा धरणावर जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर) असते, तेथून उद्धरण वाहिनीने, म्हणजे पाणी वर चढवणाऱ्या वाहिनीने, पाणी जलशुद्धीकरण केंद्रात जाते, शुद्ध झालेले पाणी उंचावरील संतुलन टाकीत चढवतात आणि तेथून ते उताराने गावोगावच्या टाक्यांत उतरते. काही प्रदेशांत अशी योजना अटळ असते. अकोला जिल्ह्यातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारे असल्याने काटेपूर्णा आणि वान धरणांवरून अनेक गावांना एकत्र पाणी द्यावे लागते. जेथे स्थानिक पाणी गोडे आहे तेथे मात्र मोठी योजना हा दुसरा पाय समजावा आणि पहिला पाय शाबूत ठेवावा. नळाला धरणाचे पाणी आले की गावची जुनी विहीर दोन वर्षांत कचराकुंडी होते, तिची मोटर काढून नेली जाते आणि ज्या दिवशी उद्धरण वाहिनी फुटते त्या दिवशी गावाकडे घोटभर पाणी नसते. प्रत्येक गावाने निदान पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या गरजेइतके पाणी स्वतःच्या स्रोतातून देण्याची सोय कायम ठेवावी, महिन्यातून एकदा ती मोटर चालवून पाहावी आणि तिचे वीजबिल थकू देऊ नये.

बहुगावी योजना बंद पडण्याचे सर्वांत परिचित कारण म्हणजे थकलेले वीजबिल. या बाबतीत थोडा हिशेब केल्यास चित्र वेगळे दिसते. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला, पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर सुमारे ०.४२ युनिट वीज लागते. वरील उदाहरणातील १५ लाख लिटरला रोज सुमारे ६३० युनिट आणि महिन्याला जवळपास १९ हजार युनिट होतात. हा आकडा ग्रामपंचायतीला धडकी भरवतो. पण पाच माणसांच्या कुटुंबाला ५५ लिटरप्रमाणे महिन्याला सव्वाआठ हजार लिटर लागतात, म्हणजे त्यांच्या वाट्याची वीज साडेतीन युनिट आहे. घरातील साधा पंखा दोन दिवस अखंड फिरवला तर इतकी वीज खर्च होते. कुटुंबाला न परवडणारी ही रक्कम नाही. योजना अडते ती अर्धे पाणी वाटेत गळाल्यामुळे, गळलेल्या पाण्याचीही वीज भरावी लागल्यामुळे आणि उरलेल्या पाण्याची पट्टी अर्ध्याच घरांकडून आल्यामुळे.

म्हणून गावागावांत करार करताना तीन अटींवर ठाम राहावे. प्रत्येक गावाच्या वेशीवर, टाकीच्या आधी, मोठा मीटर असावा आणि त्याचे वाचन दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून करावे. पहिल्या गावांनी वाजवीपेक्षा जास्त पाणी ओढून घेऊ नये यासाठी प्रवाह नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह बसवावा, कारण अशा योजनेत शेवटचे गाव नेहमी कोरडे राहते आणि शेवटच्या गावाने पैसे देणे थांबवले की योजनेचा कणा मोडू लागतो. तिसरी अट अशी की पट्टी मोजलेल्या पाण्यावर घ्यावी आणि गावाने ती आगाऊ जमा ठेवावी. ही तिसरी अट मान्य करून घेणे सर्वांत कठीण जाते. तरीही ती सोडू नये.

गळती शोधण्याची रात्रीची परीक्षा

नवे पाणी आणण्यापूर्वी हातातील पाणी कोठे जाते ते शोधणे केव्हाही स्वस्त पडते. त्यासाठी महागडी उपकरणे नसली तरी सुरुवात करता येते. एखाद्या रात्री गावाला पूर्वसूचना देऊन, घरोघरी तोट्या आणि टाक्यांचे फ्लोट बंद आहेत याची खात्री करून, टाकीतून वितरण वाहिन्या भरून घ्याव्यात आणि रात्री २ ते ४ या वेळात टाकीची पातळी किती उतरते ते पाहावे. आठ मीटर व्यासाच्या टाकीत पातळी १० सेंटिमीटर उतरली, तर सुमारे ५,००० लिटर पाणी गेले. दोन तासांत ५,००० म्हणजे वाहिन्या सतत भरलेल्या राहिल्यास दिवसाला ६०,००० लिटर. हेच पाणी ५५ लिटरप्रमाणे जवळजवळ ११०० माणसांना पुरले असते. त्यानंतर एकेक विभागाचा व्हॉल्व्ह बंद करत गेले, की कोणत्या विभागात पाणी जिरते ते कळते.

या परीक्षेला एक पूर्वअट आहे. व्हॉल्व्ह कोठे आहेत हे माहीत असले पाहिजे. मी काम केलेल्या एका गावात वाहिन्यांचा नकाशा नव्हताच. सगळे व्हॉल्व्ह पाणी सोडणाऱ्या एका वृद्ध कर्मचाऱ्याच्या स्मरणात होते. ते आजारी पडले तेव्हा रस्ता तीन ठिकाणी खोदूनही आम्हाला मुख्य व्हॉल्व्ह सापडला नाही आणि त्या भागाला आठवडाभर पाणी मिळाले नाही. आजही ती आठवण मला अस्वस्थ करते, कारण त्यांच्याबरोबर दोन दिवस फिरून कागदावर खुणा करून घेणे एवढेच काम आम्ही करायचे होते. आपल्या गावातील अशा माणसाबरोबर या महिन्यातच फिरावे, प्रत्येक व्हॉल्व्हचे अंतर जवळच्या पक्क्या खुणेपासून मोजून लिहावे, मोबाइलवर त्याचे स्थान नोंदवावे, आणि त्या नकाशावर त्या माणसाचे नावही लिहावे.

नळाला थेट मोटर लावण्याची सवय हा याच विषयाचा भाग आहे. मोटर पाणी खेचते तेव्हा वाहिनीत दाब उणे होतो आणि गटाराजवळून गेलेल्या वाहिनीच्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी आत शिरते. मोटर जप्त करण्याच्या मोहिमा थोडे दिवस चालतात. कायमचा उपाय म्हणजे नळाशी पुरेसा दाब देणे. एकमजली घराला सुमारे सात मीटर आणि दुमजली घराला बारा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब मिळाला तर मोटरीची गरजच राहत नाही.

कराडला लागून असलेल्या मलकापूरने या दिशेने काय करता येते ते दाखवून दिले आहे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने तेथे २४ तास पाणीपुरवठा सुरू झाला, प्रत्येक जोडणीला मीटर बसला आणि जास्त वापराला चढता दर लागू झाला. २४ तास पाणी दिल्यास लोक उधळपट्टी करतील ही भीती सर्वत्र असते. प्रत्यक्षात पाणी केव्हाही मिळणार हे कळल्यावर घरातील पिंपे भरून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी शिळे पाणी ओतून देणे थांबते, आणि मीटरमुळे गळकी तोटी त्याच आठवड्यात दुरुस्त होते. लहान गावाने सगळीकडे एकदम २४ तासांचा आग्रह धरू नये. एक विभाग निवडावा, तेथे मीटर बसवावेत, वर्षभर नोंदी ठेवाव्यात आणि मग पुढचा विभाग घ्यावा.

शुद्धता

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि तपासाचा रोख पिण्याच्या पाण्यातील जंतुसंसर्गाकडे वळला. नुकतीच शहरात आलेली गावे कोणत्या धोक्यावर उभी आहेत याची ती जाणीव होती. पाण्याचे प्रमाण वाढवण्याच्या घाईत निर्जंतुकीकरण मागे पडू देऊ नये. साधारण १,००० लिटरला ५ ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, त्यानंतर किमान अर्धा तास थांबणे आणि शेवटच्या नळाशी ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर शिल्लक क्लोरीन, हा नेम रोज पाळावा. शेवटचा नळ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे; टाकीखालच्या नळाची ओटी चाचणी (शिल्लक क्लोरीनची तपासणी) करून वहीत सही करण्याने कोणाचेही रक्षण होत नाही. पावडरचे पोते उघडे राहिले की तिचा जोर उतरतो, म्हणून थोडी थोडी आणावी आणि कोरड्या जागी ठेवावी. रासायनिक तपासणीत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आणि फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर त्या स्रोताचे पाणी उकळून किंवा क्लोरीन घालून सुधारत नाही. तो स्रोत पिण्यासाठी बंद करून धुण्याभांड्यांसाठी राखावा. टँकरच्या पाण्यालाही हीच चाचणी लावावी आणि ते कोणत्या विहिरीचे आहे हे लिहून घेतल्याशिवाय टाकीत उतरवू देऊ नये.

पाणी मुरवणे, वाचवणे आणि पुन्हा वापरणे

७०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात एक हेक्टर जमिनीवर वर्षाला ७० लाख लिटर पाणी पडते. बेसाल्टच्या प्रदेशात त्यातील एकदशांशाच्या आसपास जरी मुरले, तरी ते ७ लाख लिटर होते. त्या हेक्टरवर इमारती आणि फरशी आली की हे मुरणे जवळजवळ थांबते, आणि नेमक्या त्याच जागेवर नवे बोअर घेतले जाते. शहरालगतच्या गावांत मला सर्वांत जास्त काळजी ओढ्यांची वाटते. ओढे बुजवून भूखंड पाडले जातात आणि उरलेले काँक्रीटच्या नळ्यांत बंद होतात. ओढ्याच्या काठचा वाळू-मुरुमाचा पट्टा गावच्या विहिरींना पाणी देणारा असतो, आणि तो गेला की पुनर्भरणाचे शंभर खड्डे खोदूनही ती उणीव भरून निघत नाही. गावनकाशावरील प्रत्येक ओढा प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावा, बुजवलेल्या जागेची छायाचित्रांसह लेखी तक्रार तहसीलदारांकडे आणि नियोजन प्राधिकरणाकडे करावी, आणि नव्या बांधकामाला ना हरकत देण्यापूर्वी ओढ्याची रेषा मोजून घ्यावी.

छपरावरील पावसाचा हिशेबही करावा. १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के हाती आला, तर ५६,००० लिटर पाणी मिळते. ५५ लिटरप्रमाणे पाच माणसांच्या कुटुंबाची ही दोनशे दिवसांची गरज आहे. एवढे साठवणे बहुतेकांना शक्य नसते. महिनाभराच्या गरजेसाठी सव्वाआठ हजार लिटरची टाकी करावी आणि बाकीचे पाणी गाळणी लावून विहिरीत किंवा बोअरभोवती सोडावे. पहिल्या पावसाचे पाणी आत घेऊ नये. वाहनतळाचे किंवा रस्त्याचे पाणी तर बोअरमध्ये कधीच सोडू नये, कारण त्यातील तेल आणि मैला सरळ भूजलात जातो आणि नंतर तो काढण्याचा मार्ग नाही.

संकुलांकडून काय मागावे, हे मागणीच्या हिशेबातूनच ठरते. १३५ लिटरांपैकी मोठा भाग फ्लश, बाग आणि वाहने धुणे यांत जातो आणि त्यासाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी चालते. म्हणून सांडपाणी प्रक्रिया केंद्र केवळ बांधले आहे का हे पाहून थांबू नये. फ्लशसाठी दुहेरी नळव्यवस्था आहे का, केंद्र रोज चालते का, त्याचे वीजबिल किती येते, हे समितीने तिमाहीला पाहावे. सार्वजनिक योजनेचे पाणी मिळेपर्यंत पुरवठा करण्याचे हमीपत्र विकसकाने दिले असेल, तर त्याची प्रत रहिवाशांनी ताब्यातच घ्यावी. गावठाणात घरोघरी शोषखड्डे करावेत, मात्र पिण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून दूर.

शेती अजून शिल्लक असलेल्या गावांनी हिवरे बाजारची पद्धत अवश्य समजून घ्यावी. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पाडली. किती पाऊस झाला, किती मुरला, पिण्याला आणि जनावरांना किती ठेवायचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यायची, हे सर्वांदेखत ठरते. शहरालगतच्या गावात ताळेबंदाला आणखी एक रकाना जोडावा लागेल, तो म्हणजे टँकरसाठी विकले जाणारे पाणी. हा रकाना भरताना वाद होतात. गावातील चार विहिरींमधून रोज टँकर भरून बाहेर जात असतील आणि त्याच गल्लीतील हातपंप कोरडे पडत असतील, तर तो वाद ग्रामसभेतच झाला पाहिजे.

पाणीपट्टी आणि कागदपत्रे

पाणीपट्टी ठरवताना वर्षभराचे वीजबिल, कर्मचाऱ्यांचे वेतन, टीसीएल, दुरुस्ती, घाऊक पाण्याचा दर आणि पंप बदलण्यासाठी बाजूला काढायची रक्कम यांची बेरीज फलकावर लिहावी आणि मग तिला विक्री झालेल्या पाण्याने भागावे. पहिल्या टप्प्यातील गरजेपुरते पाणी स्वस्त आणि त्यापुढचे महाग ठेवावे. गरीब घराला सवलत द्यायची असेल तर ती उघड द्यावी. सगळ्यांचीच पट्टी कमी ठेवून दिलेली सवलत शेवटी टँकर विकत घेऊ शकणाऱ्यांच्याच पदरात पडते. पाणीपट्टीचे खाते ग्रामपंचायतीच्या इतर खर्चापासून वेगळे असावे.

आणि गाव महानगरपालिकेत जाणार असे दिसू लागले, की एक फाइल तयार ठेवावी. तीत सार्वजनिक विहिरींचे आणि टाक्यांच्या जागांचे सातबारा उतारे, आरक्षणाची मंजुरीपत्रे, वाहिन्यांचा आणि व्हॉल्व्हचा नकाशा, गेल्या पाच वर्षांच्या पातळीच्या नोंदी, तपासणी अहवाल, जोडण्यांची यादी आणि विकसकांची हमीपत्रे असावीत. हस्तांतराच्या वेळी जे कागद नसतात ते हक्क नव्या कार्यालयात नव्याने सिद्ध करावे लागतात. फाइलच्या तीन प्रती कराव्यात: एक कार्यालयाला द्यावी, एक गावच्या वाचनालयात ठेवावी, आणि एक पाणी समितीतील अशा तरुण सदस्याकडे द्यावी, जो पुढच्या मे महिन्यात विहिरीची पातळी मोजायला स्वतः जाणार आहे.